लहान धंदा आणि सरकारदरबारची नोंद



वसंतातील या व्याख्यानांत आपण संतांविषयी ऐकता, इतिहासाविषयी ऐकता, कधी एखाद्या प्रवासाचे वर्णनही ऐकता. आज आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने कोरडा आहे. लहान धंदा सरकारदरबारी कसा नोंदवावा आणि नियमांना धरून तो कसा चालवावा, हा तो विषय. त्याचे नुसते नाव काढले की घरातले तरुण म्हणतात, "ते एजंटाकडे देऊन टाकू"; आणि वडीलधारे म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होतं हे सारं?" दोघांचेही म्हणणे आम्हांला मान्य नाही. का मान्य नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोल्हापूर हे लहान धंद्यांचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली, १९०६ साली कापडाची गिरणी काढली. परंतु पुढे हा सारा मुलूख पोसला तो शेकडो लहान हातांनी. उद्यमनगरातील लेथ आणि ओतकामाच्या भट्ट्या, चपला शिवणारी घरे, हुपरीचे चांदीकाम, इचलकरंजीचे माग, महाद्वार रोडवरची दुकाने, मिसळीची हॉटेले, मटणाच्या खानावळी, आणि घरच्या घरी कांदालसूण मसाला करून विकणाऱ्या आमच्या भगिनी, ही यादी आपणच पुरी करू शकाल. यांतील बहुतेक धंदे एका माणसाच्या, फार तर दोन भावांच्या नावावर चालतात. मोठ्या कारखान्याच्या पाठीशी वकील असतो, हिशेबनीस असतो. या माणसाच्या पाठीशी कोण असतो? आमचे उत्तर असे की, त्याच्या पाठीशी त्याचा कागद असतो. नोंदणीचा कागद हा लहान माणसाचा साक्षीदार आहे. हे एवढे एक वाक्य आपण घरी नेलेत तरी पुरे. बाकीचा सारा त्याचा विस्तार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे कोणीही सहज म्हणतो, "शॉप ॲक्ट काढला," आणि त्याला वाटते की सरकारने आपल्याला धंदा करण्याची मुभा दिली. वास्तविक धंदा करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदानेच आपल्याला दिलेला आहे. शॉप ॲक्ट म्हणजे दुकाने व आस्थापनांचा कायदा. जुन्या मुंबई राज्याने तो १९४८ साली केला, आणि त्याचा रोख मालकापेक्षा नोकराकडे अधिक होता. दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या नोकराला कामाचे ठराविक तास मिळावेत, आठवड्याची सुटी मिळावी, हा त्याचा हेतू. नोकराची काळजी घ्यावयाची तर दुकान कोठे आहे आणि कोणाचे आहे हे ठाऊक हवे. म्हणून नोंदणी आली.

त्या कायद्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ साली नवा कायदा आणला व तो त्याच वर्षी १९ डिसेंबरपासून लागू झाला. त्याने एक मोठी सवलत दिली. ज्या दुकानात दहापेक्षा कमी कामगार आहेत, त्याने नोंदणी दाखला मागण्याचे कारण उरले नाही. धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत तशी सूचना दिली की पुरे. ती संगणकावरून देता येते आणि तिची पावती मिळते. २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची रेषा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आपल्या गल्लीतील बहुतेक दुकानांना शॉप ॲक्ट 'काढावा' लागत नाही, नुसता 'कळवावा' लागतो. पण कळवावा मात्र लागतो! सवलत मिळाली म्हणून कळविणेच सोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांचे काय होते ते आपण पुढे पाहूच.

येथेच या कागदाची मर्यादाही सांगून ठेवतो. शॉप ॲक्टच्या पावतीने जागेवर मालकी सिद्ध होत नाही, अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. अमुक माणूस अमुक ठिकाणी अमुक धंदा करतो, एवढीच साक्ष तो कागद देतो. साक्षीदाराकडून त्याने पाहिले तेवढेच वदवावे. अधिक वदवू गेल्यास तो उलटतो.

आता दुसरा प्रश्न. हे नियम इतके का? प्रत्येक नियम पाहताना तो कोणाच्या हिताचा आहे हे विचारावे. उत्तर मिळाले की नियमाचे ओझे थोडे हलके होते. व्यवसायकराचेच उदाहरण घ्या. दुकानदार वैतागून म्हणतो, "आयकर आहे, जीएसटी आहे, आणि वर हा आणखी कसला?" हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी. ती योजना आपल्या शेजारचीच. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खेड्यातल्या मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला आणि त्याच्या मजुरीचा वाटा शहरातील धंदेवाल्याने उचलावयाचा ठरला. या करासाठी वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानेच घातलेली आहे. कर द्यावयाचा तो देऊच. परंतु तो कशासाठी बसला हे ठाऊक असले की देणाऱ्याची मान ताठ राहते.

वजनकाट्याचेही तसेच. १९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो आला. आज २००९ चा वैधमापन कायदा चालतो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर मोहोर घ्यावी लागते. गिऱ्हाईक काटा तपासू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी तपासतो. प्रामाणिक दुकानदाराला ही मोहोर अडचण वाटू नये. शेजारच्या लबाडापासून ती त्याचेच रक्षण करते. दुकानाच्या पाटीचा नियम तर आपल्या भाषेचा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. कोल्हापुरात या नियमाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण नवी पाटी रंगविताना तो ध्यानात असावा.

आता वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. १ जुलै २०१७ पासून तो आला आणि त्याच्या धास्तीने कित्येकांनी धंदा वाढविण्याचेच सोडून दिले, असे आम्ही ऐकतो. धास्ती बहुतेक अज्ञानाची आहे. केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. ही रक्कम उलाढालीची आहे, नफ्याची नाही. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. मालाच्या धंद्यात उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर आपसमेळ योजना घेता येते. दुकानदार व कारखानदार यांना उलाढालीवर एक टक्का, खानावळीला पाच टक्के. कर तिमाहीला भरावयाचा आणि विवरण वर्षातून एकदा. मात्र तिच्या अटीही आहेत. हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यावयाचा नाही आणि माल परराज्यात विकावयाचा नाही.

'परराज्य' या शब्दाने कोल्हापूरकराने कान टवकारले पाहिजेत. कारण आपले परराज्य कागलच्या पुढे सुरू होते. समजा, एखादी भगिनी घरी मसाला करते. वर्षाची विक्री पाच लाखांची, म्हणून तिला जीएसटीची नोंदणी लागत नाही. निपाणीची मावशी कोल्हापूरला येऊन तिच्या दारातून मसाला घेऊन गेली, तरीही लागत नाही. पण तोच मसाला तिने निपाणीच्या दुकानदाराला विकून पार्सलाने पाठविला की ती आंतरराज्य विक्री झाली. आणि आंतरराज्य माल विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावी लागते. भाषा तीच, चव तीच, नातेही तेच. हिशेबाच्या वहीत मात्र मध्ये सीमा उभी राहते. हे आधी कळले तर त्यात अवघड काही नाही. नंतर कळले तर नोटीस घेऊन कळते.

याच भगिनीला आणखी एक गोष्ट लागते. खाद्यपदार्थ विकावयाचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावयाचा. शिवाय पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि तारीख. हे नसेल तर ओळखीचे गिऱ्हाईक घेईल, पण चांगले दुकान ते पाकीट फळीवर ठेवणार नाही. गल्लीच्या बाहेर जावयाचे तर ओळखीची जागा कागदाने घ्यावी लागते.

आता भागीदारीकडे वळू. आपल्याकडे दोन भाऊ, दोन मित्र, एकाच तालमीतले दोघे मिळून धंदा काढतात. करारपत्र लिहितात आणि कपाटात ठेवतात. १९३२ चा भागीदारीचा कायदा म्हणतो की, पेढीची नोंदणी सक्तीची नाही. हे वाचून लोक निर्धास्त होतात. पण पुढचे ६९ वे कलम वाचत नाहीत. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. भागीदारांनाही कराराच्या हक्कासाठी एकमेकांवर दावा लावता येत नाही. कायद्याने किरकोळ दाव्यांना सूट ठेवली आहे, तिची मर्यादा शंभर रुपयांची आहे! म्हणजे दोन लाख बुडविणारा मोकळा आणि आपण निबंधकाकडे एक अर्ज न केल्यामुळे न्यायालयाच्या दाराबाहेर.

मात्र येथे सरकारलाही एक धडा मिळालेला आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. आपल्या राज्याने १९८४ साली या कलमाला एक दुरुस्ती जोडली. तिच्यामुळे नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला पेढी मोडण्यासाठी किंवा मोडलेल्या पेढीचा हिशेब मागण्यासाठीही, थोडे अपवाद सोडले तर, दावा लावता येईना. एक अर्ज राहिला म्हणून माणसाने आपला आयुष्याचा वाटाच सोडून द्यावयाचा काय? २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. आम्हांला या निकालाचे महत्त्व फार वाटते. नोंदणीची गोडी लावण्यासाठी सरकारने थोडी टोचणी द्यावी. पण त्या टोचणीने माणसाची मिळकतच नाहीशी होऊ नये. नियम कोठवर जाऊ शकतो याची सीमा तेथे आखली गेली.

आता कागद आपल्या बाजूने कसा बोलतो ते पाहू. उद्यमनगरातील एखादा कारागीर मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देतो. माल गेला, बिल गेले, पैसे मात्र चार महिने नाहीत. मागावयास जावे तर पुढचे काम जाईल ही भीती. या माणसासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात एक हत्यार आहे. लेखी करार असो वा नसो, ४५ दिवसांपलीकडे त्याचे पैसे रोखता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवसांतच द्यावयाचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद आहे. आणि २०२३-२४ या वर्षापासून आयकरातही असे आले की, मुदतीत न दिलेली ही रक्कम घेणाऱ्या कारखान्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखविता येत नाही. त्यामुळे मोठ्या कारखान्याचा हिशेबनीसच मार्चअखेर लहान पुरवठादाराचा पत्ता शोधू लागला.

या हत्याराची मूठ म्हणजे 'उद्यम' नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून चालू आहे. आधार आणि पॅन यांच्या आधारे स्वतःच्या घोषणेवर ती होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी वाटेल असा चेहरा लावून तिचे पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. नोंदणी माल देण्याच्या आधी करून ठेवावी. मागाहून केलेली नोंदणी जुन्या बाकीला उपयोगी पडते की नाही, हा न्यायालयांत वादाचा विषय झालेला आहे. आणखी एक गोष्ट: उशिराच्या पैशाचे हे संरक्षण माल बनविणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती.

कागदाची खरी परीक्षा मात्र कोल्हापुरात पाण्याने घेतली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात गणेशोत्सव तोंडावर असताना मूर्ती पाण्यात गेल्या. दुकानांत छातीइतके पाणी उभे राहिले. पाणी नोंदणी पाहून शिरत नाही. मदत मात्र नोंदणी पाहून येते. २०२१ च्या मदतीत दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये, आणि टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये ठरले होते. आणि दोघेही अधिकृत परवानाधारक असावेत अशी अट होती. ज्याने दहा वर्षे एकाच कोपऱ्यावर चहा विकला, पण ते कोठेही लिहून ठेवले नाही, त्याच्यापाशी चिखलाशिवाय दाखविण्यासारखे काय होते? साठ दिवसांत एक सूचना द्यावयाची राहून गेली, तिची किंमत त्या दिवशी कळली.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही सारा दोष गरिबाच्याच माथी मारता. तसे नाही. नोंदणी करू पाहणाऱ्याची पहिली अडचण पत्त्याची असते. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही, विजेचे बिल दुसऱ्याच्या नावाचे असते, जागा वडिलार्जित असून वाटणी झालेली नसते. संगणकावरील अर्ज सोपा, पण तो भरावयाचा कसा हे सांगणारा जवळ नसतो. म्हणून मधला माणूस येतो आणि फुकटच्या कागदाला किंमत येते. नियम बदलले तर ते दुकानदारापर्यंत पोहोचत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. दोन नोकर ठेवणाऱ्या किती दुकानदारांना त्यांतले काही कोणी समजावून सांगितले? नागरिकाने साक्ष लिहून ठेवावी असे म्हणणाऱ्या शासनाने ती लिहून घेणारा माणूसही गल्लीपर्यंत पाठविला पाहिजे. व्यापारी संघटनांनी आणि वाचनालयांनी महिन्यातून एक दिवस जरी यासाठी टेबल मांडले, तरी मोठे काम होईल. आणि कचेरीत काम अडले तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या हाती आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे, त्यावर अपील आहे आणि दंडही आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

नावाचीही नोंद असते, हे आपण चपलेवरून शिकलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा येथे संतापाची लाट उठली आणि त्या कंपनीला या कलेचे मूळ मान्य करावे लागले. तो संताप योग्यच होता. परंतु मानांकनाच्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. नाव दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे नोंदलेले आहे. ते अधिकृतपणे वापरण्याचा हक्क मिळविण्यासाठी प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करावयाची असते. मिलानवर रागावणे सोपे. आपल्या शेजारच्या कारागिराचा अर्ज भरून देणे थोडे कष्टाचे, पण त्याच्या अधिक उपयोगाचे.

शेवटी शाहू महाराजांची एक गोष्ट आठवावीशी वाटते. ती आपणांस ठाऊकच आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर या गावात चहाचे दुकान काढले. दुकान उघडले, पण त्या काळी तेथे चहा पिण्यास कोण येणार? महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राज्यकर्त्याने लहान धंद्यासाठी काय करावे याचा यापरता धडा नाही. दुकान उघडू देणे हे राज्याचे निम्मे काम. ते चालेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे उरलेले निम्मे. आजचे सरकार प्रत्येक टपरीवर चहा प्यावयास येणार नाही. पण त्याने आपल्याला ओळखावे, आपले नाव त्याच्या वहीत असावे आणि संकटात ते नाव वाचले जावे, एवढी अपेक्षा आपण हक्काने करू शकतो. त्यासाठी ते नाव आधी तेथे लिहिलेले पाहिजे.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. या आठवड्यात एक फाइल करावी. तीत शॉप ॲक्टची पावती, उद्यमचा दाखला, करांचे क्रमांक, भागीदारी असेल तर तिचे नोंदणीपत्र आणि जागेचा करार, एवढे कागद लावावेत. जे नाहीत त्यांची यादी वरच्या पानावर लिहावी आणि एकेक मिळवावा. प्रत्येक कागदावर काय लिहिले आहे ते घरातल्या मुलाला आणि सुनेलाही वाचून दाखवावे. फाइलची एक प्रत दुकानात ठेवावी. आणि दुसरी, पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे वेगळे सांगावयास नकोच, उंचावर राहणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या घरी ठेवावी.